घारापुरीचा हरवलेला दगड

दिवाळीचा फराळ दोन दिवस खाऊन झाला की घरातली मुले कंटाळतात आणि कुठेतरी जाण्याचा विषय निघतो. मुंबईत पाहुणे म्हणून आलेली मंडळी असली तर कोणीतरी हमखास घारापुरीचे नाव काढते. बेत चांगलाच आहे. फक्त तो जरा नीट आखावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच. माझी चार-पाच वेळा तिथे जाण्याची वेळ आली आहे, बहुधा शाळेच्या मुलांना घेऊन. आणि मुले जे प्रश्न विचारतात ते मोठी माणसे सहसा विचारीत नाहीत.

पहिली गोष्ट वाराची. सोमवारी लेणी बंद असतात. दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. पण घारापुरीची सहल भायखळ्यापासून सुरू करावी, असे माझे मत आहे. जिजामाता उद्यानापाशी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेपाशी, भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. (तिथे सुटी बुधवारची.) बेटाचे एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी पाडले ते याच हत्तीवरून. पूर्वी तो बेटावर राजबंदराजवळ उभा होता. 1814 मध्ये त्याचे डोके आणि मान गळून पडली. पुढे 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा बेत झाला, उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले आणि 1914 मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. मुलांना सांध्यांच्या खुणा शोधायला लावा, त्यांचा अर्धा तास मजेत जातो. शिवाय बेटावर पाऊल ठेवण्याआधीच त्यांना कळते, की त्याच्या कथेत मोडतोड बरीच आहे.

आता समुद्र. अपोलो बंदरावरून, गेटवेच्या पायऱ्यांपाशी, सकाळी नऊच्या सुमारास लाँच सुटू लागतात. लवकरची गाठावी. तासाभराचा प्रवास आहे. जाकीट घाला म्हटले की निमूटपणे घालावे. 2024 च्या डिसेंबरात याच वाटेवर झालेल्या अपघातात माणसे गेली आहेत. पलीकडे उतरल्यावर लांब धक्का, त्यावरून धावणारी छोटी गाडी, मग शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा नि मूर्ती विकणारी दुकाने आणि हातातले केळे हिसकावणारी माकडे. हे सारे आपोआप घडते, त्याची आखणी लागत नाही. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. समोर मुंबईचे दिवे लखलखत असताना या गावांत वीज पोचली ती 2018 मध्ये, समुद्राखालून तार टाकून. मुंबई हाकेच्या अंतरावर असून ही तऱ्हा!

पायऱ्या चढून मुख्य लेण्यात शिरले की आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावू द्यावे. सुमारे एकशे तीस फूट लांब आणि तितकेच रुंद असे हे दालन डोंगराच्या पोटात कोरले आहे. एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, हे कोणी बांधलं?" मी म्हटले, "बांधलं नाही रे, कोरलं." तो म्हणाला, "बरं, कोणी कोरलं?"

या प्रश्नाला नावानिशी उत्तर नाही, आणि ते का नाही याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात ही बेटे आली. दियोगु दु कोतु या पोर्तुगीज बखरकाराने लिहून ठेवले आहे, की लेण्याच्या दारावर अक्षरे कोरलेली एक मोठी शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढली. इथल्या हिंदूंना दाखवली, मुसलमानांना दाखवली, कोणालाच ती वाचता येईना. तेव्हा ती पोर्तुगालला राजा तिसरा जुआंव याच्याकडे पाठवून दिली. राजानेही अर्थ लावून घेण्याचा यत्न केला, पण व्यर्थ. कोतु लिहीत होता तोवर शिळेचा मागमूसही उरला नव्हता.

जुन्या लिपीचा विसर आपल्याच लोकांना पडला होता, हे यातले खरे दुःख. प्रिन्सेपने अशोकाची ब्राह्मी उलगडली ती 1837 मध्ये, आणि तोवर त्यानंतरच्या काळातल्या लिप्याही वाचता येऊ लागल्या होत्या. ती शिळा तीनशे वर्षे जागेवर राहती, तर कुणीतरी पंडित तिच्यासमोर कागद घेऊन बसला असता आणि राजाचे, कदाचित दान देणाऱ्याचेही नाव आपल्याला कळले असते.

नाव गेले की दंतकथा येतात. कोणी पांडवांचे नाव घेते, तर कोतुच्या कानावर बाणासुर आणि त्याची मुलगी उषा यांची कथा आली. अभ्यासक घडण पाहून हे लेणे सहाव्या शतकातले मानतात. जोगेश्वरीचे लेणे आणि वेरूळचे धुमार लेणे यांच्याशी त्याचे नाते उघड दिसते. कलचुरी कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली, म्हणून पुष्कळांचा कौल कलचुरींकडे आहे. काही जण कोकणच्या मौर्यांचे नाव घेतात. ऐहोळेच्या 634 च्या शिलालेखात पुलकेशीने जिंकलेल्या पुरी नावाच्या नगरीचा उल्लेख आहे. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी, असे काही म्हणतात, काही म्हणत नाहीत. मला विचाराल तर नाण्यांचा पुरावा अधिक वजनदार वाटतो.

आणि मूर्ती फोडल्या कोणी? "पोर्तुगीजांनी," असे आपण तोंडपाठ सांगतो. त्यांच्या हातून नासधूस झाली, हे त्या काळच्या इतर प्रवाशांनीही लिहिले आहे. पण गार्सिया द ओर्ता या वैद्याची साक्षही ऐकावी. त्याचा ग्रंथ गोव्यात 1563 मध्ये छापला. आपण 1534 मध्ये आलो तेव्हा लेणे पाहण्याजोगे होते, आता आत शिरणाऱ्या गुरांनी ते बिघडवले, असे तो म्हणतो. गुरांना वखर कसली कळणार! पुढे 1739 मध्ये वसई पडल्यावर मराठ्यांचा अंमल आला, मग इंग्रजांचा. 1875 मध्ये इंग्लंडच्या युवराजाला या लेण्यात खाना देण्यात आला. शिवाच्या दालनात मेजे मांडून! वारसा म्हणून जगाच्या यादीत नाव यायला 1987 साल उजाडले.

तर आता पाहायचे काय? सगळे नको. समोरच्या भिंतीतल्या तीन मुखांकडे सरळ जावे. आपण त्यांना ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणतो. जाणकार सांगतात की तिन्ही मुखे शिवाचीच. मधले शांत. आपल्या डावीकडचे भैरवाचे, मिशा असलेले, रागीट. उजवीकडचे स्त्रीसारखे कोमल, हाती कमळ. डावीकडच्या कोनाड्यात अर्धनारी, उजवीकडे गंगाधर. मग कल्याणसुंदराकडे वळावे. पार्वती लाजली आहे, हे दगडात कसे दाखवले ते बायकांना आधी कळते, असा माझा अनुभव. तुटलेले हात-पाय मुलांना मनाने पुरे करू द्यावेत. काही खांब अलीकडचे आहेत. तेही ओळखू द्यावेत.

डबा बाहेर झाडाखाली खावा, माकडांकडे लक्ष ठेवून. जमले तर पूर्वेच्या टेकडीवरची बौद्ध लेणी पाहावीत. तिकडे गर्दी नसते. निबूर नावाचा प्रवासी 1764 मध्ये इथे आला, त्याला एकदा पाहून पुरे वाटेना, म्हणून तो तीनदा आला आणि त्याने चित्रे काढून नेली. तुम्हाला रात्री बेटावर राहता येणार नाही. परतीची शेवटची लाँच किती वाजता सुटते ते उतरताच विचारून ठेवा.