हवेतलं कुलूप

कुलपाचा शोध मालकानं नव्हे, चोरानं लावला, असं माझं फार दिवसांचं मत आहे. चोर नसता तर मालकाला ते सुचलं असतं कशाला? हे मत मी आमच्या ब्रँचमध्ये मांडलं तेव्हा हेडकॅशिअर म्हणाले, "आधी तेवढी व्हाउचरं पुरी करा." बँकेत इतिहास-संशोधनाला वाव तो एवढाच. पण वायफायच्या कुलपाचा इतिहास मात्र कारकुनानंच लिहावा असा आहे. शास्त्रज्ञांना त्यात गणित दिसतं. मला त्यात सुरुवातीपासून व्हाउचर-नंबरांचा घोळ दिसतो.

तारेची जोडणी असली, की चोराला निदान तारेपर्यंत यावं लागतं. वायफायच्या लहरी भिंत ओलांडून आपणहोऊन शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात जातात, जिन्यात उभ्या राहतात, खाली वॉचमनच्या खुर्चीशी रेंगाळतात. म्हणून १९९७ साली बिनतारी जोडणीचं पहिलं प्रमाण ठरलं, तेव्हा त्यातच एक कुलूपही घालून दिलं. त्याचं नाव वेप. 'तारेच्या तोडीची गुप्तता' असा त्या नावाचा अर्थ. 'अगदी सोन्यासारखी दिसते हो' असं ज्या माळेबद्दल म्हणतात, तिच्याच जातीतलं हे नाव.

ह्या वेपची चावी होती ४० बिटांची, म्हणजे अंमळ तोकडीच. कारण देशाबाहेर जाणारं कुलूप आपल्याला उघडताच येणार नाही इतकं पक्कं नसावं, असा त्या काळी अमेरिकन सरकारचा दंडक होता. पण तोकडी चावी हा किरकोळ दोष. खरी मेख होती नंबरात.

त्याचं असं आहे. वायफायवरून जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांत भरून जातो. प्रत्येक पाकिटावर एक नंबर. तुमची गुप्त चावी आणि हा नंबर मिळून त्या पाकिटाचं कुलूप तयार होतं. वेपमध्ये हे नंबर होते एकूण १,६७,७७,२१६. आकडा भारदस्त आहे, आमच्या ब्रँचला जन्मभर पुरेल. पण वाहत्या जोडणीला तो काही तासांत संपतो, आणि मग तेच नंबर पुन्हा. म्हणजे दोन पाकिटांना एकच कुलूप! आमच्याकडे एका नंबराची दोन व्हाउचरं निघाली तर ऑडिटर चहासुद्धा घेत नाही. इथे ती रोज हजारांनी निघत होती. त्यात २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर ह्या तिघांनी दाखवून दिलं, की ह्यातले काही नंबर खुद्द चावीचीच चुगली करतात. २००५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या माणसांनी एका सभेत हे कुलूप तीनेक मिनिटांत उघडलं. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी मिनिटाच्या आत. आमच्याकडे पासबुक भरून मिळायला ह्याहून जास्त वेळ लागतो, हे मी कबूल करतो. पण पासबुक बरोबर माणसाच्या हातात जातं.

दरम्यान २००३ साली डब्ल्यूपीए आणि २००४ साली डब्ल्यूपीए-टू अशी चांगली कुलपं आली होती. आली, पण लावायची कोणी? राउटर बसवणारा मुलगा 'चालू झालं काका' म्हणून सही घेऊन जाई, आणि काकांच्या लेखी चालू होणं हाच विषयाचा शेवट असे.

इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारी ई-मेल आली होती. पोलिस माग काढत पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या फ्लॅटवर. त्याचं वायफाय उघडं होतं. बाहेरच्या कोणीतरी ते वापरलं होतं. पण हे सिद्ध होईपर्यंत चौकशीला तोंड द्यायचं ते त्यानंच. त्याच ऑगस्टमध्ये अशीच मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेली, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळची चेंबूरच्या एका कंपनीच्या. बँकेत कोऱ्या विथड्रॉवल स्लिपवर सही करून ठेवणारे खातेदार मी पाहिले आहेत. उघडं वायफाय ही तसलीच स्लिप. मजकूर कोणीही लिहावा, खाली नाव आपलं. जानेवारी २००९ मध्ये मुंबईचे पोलिस उघडी वायफाय हुडकत रस्तोरस्ती फिरले, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं कंपन्यांना ह्याबद्दल सूचना काढल्या. वायफाय फुकट वापरू देणं हा शेजारधर्म असल्याची आमच्या सोसायटीतली समजूत तेव्हा कुठे जरा ओसरली.

माणसाला कुलूप हवं असतं, पण चावी फिरवायचा कंटाळा असतो. त्या कंटाळ्यासाठी डब्ल्यूपीएस नावाची सोय निघाली. लांबलचक पासवर्डऐवजी आठ आकडी पिन. आठ आकडी म्हणजे दहा कोटी शक्यता. शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, म्हणून एक कोटी. तरी पुष्कळ झालं. पण डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉक ह्या तरुणानं जाहीर केलं, की राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि ते बरोबर असल्याचं सांगूनही टाकतो! म्हणजे आधी १०,०००, मग उरलेल्या तिनाचे १,०००. एकूण ११,०००. आमच्या स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात, एक मॅनेजरांकडे, एक हेडकॅशिअरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार हूं की चूं करत नाही. इथे अर्ध्या चावीलाच 'वा, बरोबर!' म्हणणारं दार. जिथे गुणाकार हवा तिथे बेरीज केली. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाचा मुलगाही असा नापास होत नाही.

२०१७ साली मॅथी वानहूफ ह्या बेल्जियन संशोधकानं डब्ल्यूपीए-टूमध्येही भेग दाखवली. ती वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. चावी ठरवतानाचा एक निरोप चोरानं पुन्हा पाठवला, की यंत्र तीच चावी नव्यानं बसवतं आणि पाकिटांचे नंबर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतं. वीस वर्षं, नवी कुलपं, आणि घोळ तोच! जगाला शास्त्रज्ञ पुष्कळ मिळाले. एक खमका ऑडिटर मिळाला नाही. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-थ्री आलं, आणि २०१९ मध्ये ह्याच वानहूफनं एका सहकाऱ्याबरोबर त्यातल्याही उणिवा दाखवल्या. त्या त्या वेळी दुरुस्त्या निघाल्या, पण दुरुस्ती आपल्या राउटरमध्ये भरावी लागते, हे किती घरांत माहीत असेल?

हा सगळा इतिहास मी घरी सांगितला. सौ.नी शांतपणे ऐकून विचारलं, "मग आपल्या वायफायचा पासवर्ड तुमचा मोबाईल नंबर कुणी ठेवलाय?" चिरंजीवांनी ठेवला होता. चोर जोडणीची सुरुवातीची बोलणी टिपून घरी नेतो आणि निवांत एकेक पासवर्ड ताडून पाहतो. दहा आकड्यांचा नंबर त्याला सोपा. मग आम्ही तिघांनी मिळून चार असंबद्ध मराठी शब्दांचा लांब पासवर्ड ठेवला, राउटरचा 'अ‍ॅडमिन' हा जन्मखुणेसारखा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस बंद केलं. गणपतीला कोकणात जाताना गॅस आणि नळ बंद करतो, त्या यादीत राउटरचं बटणही घातलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, "लेखी द्या." तेवढ्यात माझ्या मोबाईलवर आसपासच्या वायफायची नावं दिसली. चौदांपैकी तेरांपुढे कुलपाचं चित्र होतं. चौदावं नाव सेक्रेटरींचं होतं.