ढगातला पाऊस आणि ढगातली आकडेमोड

मंडळी, आमच्या धंद्यात 'क्लाउड' म्हणजे भाड्याने घेतलेलं दुसऱ्याचं मशीन. परभणीच्या शेतकऱ्याला मात्र खराखुरा ढग हवा असतो, तोही वेळेवर. या दोन ढगांची गाठ पडते पुण्यात.

हवामानाचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून चालतं. परभणी जिल्हा साधारण सव्वासहा हजार चौरस किलोमीटरचा. १२ किलोमीटरच्या जाळीत तो ४३-४४ चौकोनांत संपतो. जिंतूरला कोसळला आणि सोनपेठ कोरडं, हे त्यात कितपत दिसणार? बरं, चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. म्हणजे हिशोब आठपट!

म्हणून मोठी मशीनं लागतात. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. पुढे २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातलाच टाटांचा 'एका' जगाच्या टॉप ५०० यादीत थेट चौथा आला. लिनपॅक चाचणीत ११७.९ टेराफ्लॉप्स, कागदावरची कमाल क्षमता होती सुमारे १७१. म्हणजे ६९ टक्के पदरात पडले.

आता भाड्याच्या मशीनचं बघा. एडवर्ड वॉकर यांनी २००८ मध्ये ॲमेझॉनची मशीनं शास्त्रीय आकडेमोडीच्या चाचण्यांवर तपासली. एका मशीनपुरता फरक थोडाच होता, पण अनेक मशीनं जोडली की गाडी पार रुतायची. २०१० मध्ये ॲमेझॉनचा क्लस्टर ४१.८ टेराफ्लॉप्स घेऊन टॉप ५०० मध्ये २३१ वा आला, पण कागदी क्षमतेच्या निम्म्यावरच.

कारण सोपं आहे. प्रत्येक चौकोनाला दर पावलाला शेजाऱ्याचा वारा, दाब, ओलावा विचारावा लागतो. निरोप उशिरा आला की प्रोसेसर कितीही तगडा असो, हातावर हात धरून बसतो. 'एका'त इन्फिनीबँड होतं, ॲमेझॉनकडे १० गिगाबिट इथरनेट. आज भाड्याच्या मशीनलाही इन्फिनीबँड मिळतं, त्यामुळे तो जुना निकाल आंधळेपणाने उगाळू नये. पण लिनपॅकचा आकडा बघून भाडं ठरवणं म्हणजे बैलाचं नुसतं वजन बघून तो विकत घेणं. आपलं औत त्याला जुंपून बघायला नको का?

असो. पुण्याच्या आयआयटीएममध्ये 'अर्क' आला २०२४ मध्ये, आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर जाळीची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. परभणीच्या वाट्याला आता पावणेदोनशेच्या आसपास चौकोन. परभणीच्या कृषी विद्यापीठातून मराठवाड्यासाठी हवामानावर आधारित शेतीसल्ला निघतो. उद्याच्या पावसाचं उत्तर परवा मिळालं तर टेराफ्लॉप्स काय चाटायचे? तेव्हा मोजायचंच तर हे मोजा: आपलं स्वतःचं मॉडेल किती तासांत, किती रुपयांत, आणि दर वेळी तेवढ्याच वेळात पुरं होतं का. बाकीचे आकडे जाहिरातीला ठीक आहेत.