मृगया, अभयवन आणि कळपांचा बंदोबस्त

इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारें येथें अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुटका दगड सांपडला. तो तुकडा आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. सोपाऱ्याचें प्राचीनत्व ठरविण्याच्या कामीं पुष्कळांनीं त्याचा उपयोग केला. त्याची अक्षरवटिका, भाषा, बंदराचें महत्त्व यांवर बरेंच लिहिलें गेलें. परंतु या शासनाचा मूळ विषय काय, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत व तींत मृगया आणि तशाच इतर करमणुकी होत. अभिषेकास दहा वर्षें झाल्यावर आपण संबोधीस गेलों व तेव्हांपासून विहारयात्रेच्या जागीं धर्मयात्रा आली, असा त्या शासनाचा आशय आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमींत मिळालेल्या अत्यंत जुन्या राजलेखांपैकीं एक लेख राजानें शिकार सोडल्याचा आहे!

हा विषय आज काढण्यास कारण आहे. हरणांचे कळप शेतांत शिरून पिकें फस्त करतात, त्यांना मारावें कीं न मारावें, मारावें तर कोणीं, असा वाद गेलीं कांहीं वर्षें देशांत चालूं आहे. एक पक्ष म्हणतो, आपली परंपरा अहिंसेची. दुसरा म्हणतो, आपले राजे शिकार करीतच आले. उभय पक्षांस पूर्वजांची साक्ष हवी असते, पण साक्षीदाराची पुरी जबानी घेण्याइतका धीर नसतो. ती जबानी थोडक्यांत येथें मांडण्याचा विचार आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. संस्कृतांतील मृग हा शब्द फार व्यापक आहे. चितळ, सांबर यांचीं शिंगें दर वर्षीं गळून पुन्हां येतात. काळवीट आणि नीलगाय यांचीं शिंगें जन्मभर टिकतात. प्राणिशास्त्रज्ञ या दोहोंचीं कुळें निराळीं मानतात. जुने ग्रंथकार, आणि आपला शेतकरीहि, तसा भेद करीत नाहींत. पुढें हरिण हा शब्द त्याच सैल अर्थानें वापरला आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रांत या प्रश्नाचीं दोन्ही अंगें आहेत. दुसऱ्या अधिकरणांत राजाच्या विहारासाठीं मृगवन कसें असावें हें सांगितलें आहे. त्याला एकच द्वार असावें, भोंवतीं खंदक असावा, आंत गोड फळांचीं व बिनकांट्याचीं झाडें, उथळ जलाशय व माणसाळलेले मृग असावे, आणि हिंस्र पशु असलेच तर त्यांचीं नखें व दांत काढून टाकलेले असावे. याखेरीज देशाच्या सीमेवर दुसरें एक मृगवन असावें, जेथें सर्व पशु अतिथीप्रमाणें राहतील. त्याच अधिकरणांत सूनाध्यक्षाचीं कर्तव्यें आहेत. अभय दिलेल्या किंवा अभयवनांत राहणाऱ्या मृग, पक्षी व मत्स्य यांना जो बांधील अथवा मारील त्याला उत्तम साहसदंड सांगितला आहे. जिवंत हातीं आलेल्या मृगपक्ष्यांपैकीं सहावा हिस्सा अभयवनांत सोडून द्यावा, असाहि नियम आहे. धान्याचा षड्भाग राजाचा, हें आपण पाठ केलेलें असतें. मृगांचा षड्भाग अरण्याचा, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

पण हाच ग्रंथकार चौथ्या अधिकरणांत देशावर येणाऱ्या दैवी आपत्तींचा विचार करतांना वाघादि हिंस्र पशूंचा उपद्रव कसा निवारावा हें सांगतो, आणि लगेच म्हणतो कीं मृगांचे, पशूंचे व पक्ष्यांचे संघ यांचा प्रतीकारहि यावरूनच समजून घ्यावा. येथें योजलेला संघ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. अभयवनांतला मृग मारणें हा मोठा अपराध, आणि पिकावर आलेला मृगसंघ ही अग्नि, पूर व दुष्काळ यांच्या पंक्तीला बसणारी आपत्ति. दोन्ही वचनें एकाच ग्रंथांत आहेत व त्यांत विरोध नाहीं. प्राणी तोच आहे, जागा बदलली आहे. आमच्या मतें प्राचीनांच्या विचाराची ही किल्ली होय. त्यांनीं हरणाची जात पाहून नव्हे, तर तें कोठें उभें आहे हें पाहून त्याचा न्याय केला. दुष्यंताला तपस्वी आडवे होतात तेहि हरिण आश्रमाचें आहे म्हणून. शिकार मुळांतच पाप, असें कालिदासाचे ते तपस्वी म्हणत नाहींत. आठव्या अधिकरणांत व्यसनांची तुलना करतांना कौटिल्य द्यूतापेक्षां मृगया बरी ठरवितो, कारण तिनें व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो आणि पशूंच्या चित्ताचें ज्ञान होतें. हें गुणगान मृगयेचें आहे. वरील उपद्रवनिवारणाशीं त्याचा संबंध नाहीं. आजच्या वादांत या दोन गोष्टी सर्रास एक केल्या जातात.

अशोकाची दृष्टि वेगळी. त्याच्या पहिल्या शिलाशासनाप्रमाणें राजाच्या पाकशाळेंत पूर्वीं रोज लक्षावधि प्राणी मारले जात. शासन लिहिलें तेव्हां दोन मोर व एक मृग एवढेच उरले होते, व तो मृगहि नित्य नव्हे. पुढें तेहि मारले जाणार नाहींत असें त्यानें जाहीर केलें. ही संख्या इतक्या प्रामाणिकपणें दगडावर कोरविणारा राजा विरळा. कळपाचा हिशेब मात्र त्यानें केला नाहीं. आपल्या मनाचा केला.

दक्षिणेंत कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत झाला. त्यांत मृगया हा राजाच्या विनोदांपैकीं एक विनोद आहे, आणि शिकवलेल्या चित्त्याकडून हरिण धरविण्याचा भारतांतील जुना उल्लेख म्हणून त्याकडे अभ्यासक बोट दाखवितात. पुढें आठशें वर्षें हा खेळ चालला.

मोगलांच्या काळीं या विद्येनें जें रूप घेतलें तें कमर्गा. सैन्य व हाकारे कित्येक कोसांचें रिंगण धरून तें दिवसेंदिवस आवळीत आणीत, आणि शेवटीं कोंडलेल्या कळपांत बादशहा एकटा शिरे. १५६७ मध्यें लाहोरजवळ अकबरानें असा कमर्गा केला. हाका सुमारें महिनाभर चालला व पांच दिवस बादशहानें तलवार, भाला, बाण, बंदूक व फांस यांनीं शिकार केली. अकबरनाम्याच्या लंडनमधील प्रतींत या प्रसंगाचें चित्र आहे. रिंगणांतून वाट शोधणारीं हरणें व त्यांच्या मागें सोडलेले चित्ते त्यांत दिसतात. अकरा वर्षांनंतर, १५७८ मध्यें, झेलमकांठीं भेरा येथें पुन्हां रिंगण धरलें गेलें. तें मिळण्याच्या बेतांत असतां बादशहाच्या मनाची अवस्था एकाएकीं पालटली व त्यानें शिकार थांबविण्याचा हुकूम दिला. एका चिमणीच्या पिसालाहि कोणीं हात लावूं नये अशी ताकीद झाली. फकिरांना द्रव्य वाटलें व त्या जागीं बाग व इमारत यांचा पाया घातला. अबुल फजल व बदाऊनी या एकमेकांशीं न पटणाऱ्या दोघांनींहि हा प्रसंग नोंदला आहे, म्हणून तो विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं.

जहांगिरानें तर आपल्या शिकारीचा जमाखर्चच मांडून ठेविला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ प्राणी मारले गेले व त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वहस्तें मारले. त्यांत ८८९ नीलगाई होत्या. याच बादशहानें मनसराज नांवाचें आपलें लाडकें हरिण मेलें तेव्हां, १६०७ मध्यें, त्याच्या स्मरणार्थ लेख कोरवून स्तंभ उभारविला आणि त्या रानांत कोणीहि हरणाची शिकार करूं नये असा हुकूम काढला. शेखुपुऱ्याचा हिरन मिनार तो हाच. मनसराजची कीर्ति कशाची, तर रानटी हरणें पकडून देण्यांत त्याचा हात धरणारें दुसरें नव्हतें याची! शिकारी आणि रक्षक एकच, आणि कळपाचा धनी तोच. आमच्याकडे सवाई माधवरावांच्या वेळीं पर्वतीच्या पायथ्याशीं शिकारखाना होता. तेथील सिंह व गेंडा यांचीं गंगाराम तांबट यानें १७९० च्या सुमारास काढलेलीं चित्रें संग्राहकांस माहीत आहेतच. पण तो प्राणिसंग्रह होता, मृगवन नव्हे.

या सर्व कागदांत एक माणूस दिसत नाहीं. राखीव रानाच्या कडेला ज्याचें शेत आहे तो. राजाला खेळ हवा म्हणून हरिण राखलें जाई. त्याचें चरणें कोणाच्या पदरीं पडे, हें रोजनिशा लिहिणाऱ्यांना सांगावेंसें वाटलें नाहीं.

संस्थानी काळांत कोल्हापूरकरांनीं चित्त्यांचा खेळ टिकविला. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर त्यांनीं ते आफ्रिकेंतून आणविले. १९४७ मध्यें कोरियाच्या महाराजांनीं तीन चित्ते मारले, ते शेवटचे म्हणून प्रसिद्ध आहेत. १९५२ मध्यें चित्ता देशांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. काळवीट उरला, त्याला आवरणारा गेला. २०२२ मध्यें नामिबियांतून चित्ते कुनोच्या अरण्यांत आणून सोडण्यांत आले, ही हल्लींची गोष्ट आहे. कोल्हापूरच्या राजांचें दाजीपूरचें शिकारीचें रान १९५८ मध्यें अभयारण्य झालें. राजा गेला, मृगवन राहिलें.

मृगवनाची खरी परीक्षा पाहावयाची तर सांगली जिल्ह्यांतील सागरेश्वर पाहावें. देवराष्ट्रें गांवाजवळील जुन्या देवळांच्या डोंगरावर हें सुमारें अकरा चौरस किलोमीटरांचें अभयारण्य १९८५ मध्यें झालें. (समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तींत उल्लेखिलेलें देवराष्ट्र तें हें, असा मोह कांहींना होतो, तें आंध्रांतलें मानणें अधिक सयुक्तिक.) उजाड डोंगरावर झाडें लावून, कुंपण घालून, बाहेरून हरणें आणून सोडलेलीं, धो. म. मोहिते यांच्या चिकाटीचें हें फळ. कौटिल्याच्या मृगवनाशीं याचें साम्य चकित करणारें आहे. कुंपण आहे, माणसानें लावलेलीं झाडें आहेत, आणि मोठें श्वापद नाहीं. परिणामहि व्हावयाचा तोच झाला. चितळ, सांबर व काळवीट वाढले, चारा व पाणी अपुरें पडूं लागलें, आणि कळप कुंपणाबाहेरच्या मळ्यांत जाऊं लागले. तेथील कांहीं चितळ चांदोलीच्या रानांत नेऊन सोडण्याचा उपक्रम अलीकडे झाला. तेथें वाघाला भक्ष्य हवें आहे. जिवंत धरलेल्या मृगांचा भाग अरण्याला देण्याचा जुना नियम नकळत पुन्हां अमलांत आला, असेंच म्हणावयाचें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शिकार बंद केली, आणि आमच्या मतें तें योग्यच झालें; खेळासाठीं हरिण मारण्याला पुन्हां परवाने द्यावेत, या मागणींत कौटिल्याच्या मृगयास्तुतीपलीकडे कांहीं नाहीं. परंतु हा कायदा जातवारीनें चालतो. काळवीट पहिल्या परिशिष्टांत आहे, मग तो माळावर असो कीं ज्वारींत. कलम ११ खालीं पिकाच्या रक्षणासाठीं परवानगी मिळूं शकते. कलम ६२ खालीं एखादी जात ठराविक प्रदेशांत व मुदतीपुरती उपद्रवी ठरवितां येते. या दुसऱ्या कलमाचा अर्थ २०१६ मध्यें बिहारांत मोकामा येथें दिसला. बाहेरून नेमबाज बोलावून कांहीं दिवसांत दोनशेंहून अधिक नीलगाई मारण्यांत आल्या, आणि केंद्राचे दोन मंत्री त्यावरून उघड भांडले. शेतकऱ्याचें नुकसान खरें होतें, हें कोणी नाकारूं नये. दोष आहे तो असा कीं एकदां जात उपद्रवी ठरली म्हणजे प्रत्येक जनावर अभयावांचून होतें. शेतांतलें कोणतें व रानांतलें कोणतें, हा प्रश्नच उरत नाहीं. जहांगिराच्या पदरीं निदान मोजणारा कारकून होता.

याउलट २०२५ च्या ऑक्टोबरांत मध्यप्रदेशांत शाजापूर व आसपासच्या भागांत जें केलें गेलें तें पाहावें. पिकांत शिरणारे काळवीट व नीलगाई हेलिकॉप्टरनें हाकून, दक्षिण आफ्रिकेंतून आलेल्या बोमा नांवाच्या पद्धतीनें, निमुळत्या होत जाणाऱ्या पडद्यांच्या वाटेनें गाड्यांत चढविण्यांत आलीं. आठशेंहून अधिक काळवीट असे धरून गांधीसागर, कुनो इत्यादि अरण्यांत सोडले. हा कमर्गाच आहे, फक्त शेवटीं बादशहा आंत शिरत नाहीं. भेऱ्याला जें रिंगण अर्ध्यावर मोडलें तें येथें पुरें झालें. तो खर्चाचा उपाय आहे व भय पावून कांहीं जनावरें दगावण्याचा धोका त्यांत असतोच. तथापि मृग कोठें आहे हें पाहून त्याचा निवाडा करण्याचें तत्त्व त्यांत आहे. कळपाची मोजदाद आधीं, स्थलांतर नंतर, आणि या दोहोंनीं भागलें नाहीं तरच नेमक्या शेतांत नेमक्या जनावराचा वध, तोहि ज्याच्या सहीनें झाला त्याचें नांव नोंदून, हा क्रम ग्राह्य वाटतो. याच अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणें मेलेलें हरिण सरकारी मालमत्ता ठरतें. मग जिवंत असतां त्यानें खाल्लेल्या पिकाची भरपाई ही सरकारची मेहेरबानी म्हणून नव्हे तर देणें म्हणून मोजली जावी, हें ओघानेंच आलें.

वर ज्या माणसाचा उल्लेख केला, त्याचा माग राजांच्या रोजनिशांत लागणार नाहीं. तो गांवच्या कागदांतच शोधला पाहिजे. झाडतींत, कुळकर्णी दप्तरांत, वसुलाच्या सुटीच्या अर्जांत. ज्या वाचकांच्या संग्रहीं असे रुमाल असतील त्यांनीं ते सोडतांना पिकाच्या नुकसानीखालीं टोळ, गारा व परचक्र यांच्या जोडीला जनावराचें नांव आलें असल्यास तेवढा उतारा, गांव व शक यांसह, याच त्रैमासिकांत छापण्यास द्यावा. माळावरच्या गांवांचे, विशेषतः कऱ्हाड, कर्जत व सोलापूर या बाजूंचे, कागद आधीं पाहावे.