बुजवलेली शेकोटी

लंडनमधील एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या व्हिक्टोरियन घरांपैकी एखाद्यात बैठकीच्या खोलीची भिंत ठोठावून पाहिली, तर मध्येच आवाज पोकळ येतो. तिथे १९५० किंवा १९६०च्या दशकात फळी ठोकून, वर रंग फासून बुजवलेली फायरप्लेस असते. फळी काढली की काजळी, ढासळलेला चुना, क्वचित पाखरांच्या घरट्यातील काड्या बाहेर येतात. हल्लीचे घरमालक तिला मूळ रूप देऊ पाहतात. पण मूळ रूप नेमके कोणते?

इंग्रजांची शेकोटी त्यांच्या सरकारच्या नजरेतूनही सुटली नव्हती. १६६२ मध्ये दर चुलाण्यामागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. चुलाणी मोजण्यासाठी अधिकारी थेट घरात शिरत, आणि लोकांना करापेक्षा कदाचित हेच अधिक झोंबले असावे. १६८९ मध्ये तो कर रद्द झाला. पुढे १७९६ मध्ये बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रमफर्ड याने शेकोटीवर निबंध लिहिला. जुनी शेकोटी खोल आणि चौकोनी असे. ऊब आभाळात जाई आणि धूर खोलीत येई. रमफर्डने तिची खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. व्हिक्टोरियन घरांतील ओतीव लोखंडाच्या शेकोट्यांत त्याचेच गणित दिसते.

या अरुंद धुराड्यांचा दुसराही इतिहास आहे. ती साफ करण्यासाठी लहान मुले आत चढवली जात. १७८८ पासून कायदे होत गेले आणि धाब्यावर बसवले गेले. १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यात अडकून दगावला. त्याच वर्षी झाडूवाल्यांना पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला आणि ही प्रथा खऱ्या अर्थाने संपली. संगमरवरी चौकटीच्या नक्षीवर भरभरून लिहिणारे या मुलांना एका वाक्यात उरकतात, हे मला नेहमीच खटकते.

डागडुजी करणाऱ्याला हा सारा काळ थराथराने भेटतो. लोखंडावरील जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा खरवडू नये. रसायनाने मऊ करून काढावा. विटांचे सांधे चुन्यानेच भरावेत. कडक सिमेंटने मऊ विटा फुटतात. जुन्या धुराड्यांना आतून चुना आणि गाईचे शेण यांचा गिलावा देत, हे वाचून आपल्याकडील सारवलेल्या भिंती आठवल्या, तर नवल नाही! तो गिलावा झडला, की एका घरातला धूर शेजाऱ्याच्या खोलीत निघतो. म्हणून विस्तव पेटवण्यापूर्वी नुसता धूर सोडून पाहतात. कार्बन मोनॉक्साइड तर दिसतही नाही.

असो. शेकोट्या बुजल्या त्या केवळ फॅशनपायी नव्हे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचले. हजारो माणसे मेली. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. घरगुती वापराच्या पारंपरिक दगडी कोळशाची विक्री तर इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून पूर्णपणे बंद आहे. म्हणजे ज्या इंधनासाठी ही जाळी ओतली गेली, तेच आता तिच्यात घालता येत नाही.

त्यामुळे पुष्कळ जण लोखंडाला काळे पॉलिश करून, फरशा पुसून थांबतात. धुराडे मात्र पक्के बंद करत नाहीत; वारा खेळता राहिला नाही, तर भिंतीला ओल येते.