खासगी वैमानिक परवाना : लेखी परीक्षेत नेमके काय तपासले जाते?

खासगी वैमानिक परवाना, म्हणजेच पीपीएल, मिळालेल्या व्यक्तीस स्वतः विमान चालवता येते व सोबत प्रवासीही नेता येतात. मात्र त्याबद्दल मोबदला घेता येत नाही. भारतात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. त्यासाठी किमान १७ वर्षे वय, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय पात्रता आणि किमान ४० तासांचा उड्डाणानुभव आवश्यक असतो. या अटींइतकीच महत्त्वाची आहे ती लेखी परीक्षा. ती संगणकावर, बहुपर्यायी स्वरूपात होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात.

अभ्यासाचे मुख्य विषय चार : हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र आणि विमान व इंजिनाचे तांत्रिक ज्ञान. रेडिओवरील संवादाची पात्रता स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

हवाई नियमांत पाठांतराचा वाटा मोठा असतो. दोन विमाने समोरासमोर आली, तर दोघांनीही उजवीकडे वळावे. मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या बाजूस दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावी, हे नियम विचार करायला वेळ नसतानाही आठवावे लागतात.

मार्गनिर्देशनात मात्र पाठांतर अपुरे पडते. दिशेत केवळ एका अंशाची चूक झाली, तर ६० सागरी मैलांनंतर विमान सुमारे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, बाजूला गेलेले असते. वाऱ्याचा वेग व दिशा धरून विमानाचा रोख ठरवणे आणि लागणारा वेळ व इंधन काढणे, ही आकडेमोड रोजच्या सरावानेच हाती बसते. धावपट्टीचे क्रमांकही दिशेवरूनच ठरतात. दाबोळीच्या धावपट्टीच्या टोकांना ०८ व २६ हे क्रमांक आहेत. ते अनुक्रमे सुमारे ८० व २६० अंश चुंबकीय दिशा दर्शवतात. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे उतरते, म्हणून पश्चिमेचा वारा असता २६ सोयीची ठरते.

हवामानशास्त्राचा संबंध थेट सुरक्षिततेशी आहे. उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची दाखवतो. एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ३० फूट. विमान जास्त दाबाच्या प्रदेशातून १० हेक्टोपास्कल कमी दाबाच्या प्रदेशात गेले आणि वैमानिकाने उंचीमापक नव्याने जुळवला नाही, तर तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३०० फूट अधिक उंची दाखवेल. सपाट मैदानावर ही चूक कदाचित निभावून जाईल. ढगांनी वेढलेल्या घाटमाथ्याजवळ ती प्राणघातक ठरू शकते.

तांत्रिक विषयातील एक बाब किनारपट्टीवरील विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात, हवा दमट असेल तर, बाहेरचे तापमान २० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असतानाही आत बर्फ धरू शकतो. इंधनाचे बाष्पीभवन आणि कमी झालेला दाब यांमुळे आतील हवा एकाएकी थंड होते. ‘बर्फ म्हणजे हिमालय’ या समजुतीने हा धडा सोडून देणे धोक्याचे.

प्रश्नसंच तोंडपाठ करून ७० टक्क्यांचा टप्पा गाठता येईलही. पण पुढे शिकाऊ वैमानिकाला एकट्याने दूरचे उड्डाण करायचे असते, तेव्हा शेजारी प्रशिक्षक नसतो. म्हणून आधी मूळ पुस्तक, मग हाताने सोडवलेली उदाहरणे आणि शेवटी प्रश्नसंच, हा क्रम हितकर ठरतो. मार्गनिर्देशन व हवामान आधी सुरू करावे. नियमांची उजळणी परीक्षेच्या अगदी जवळ ठेवावी. अभ्याससाहित्य बहुतांशी इंग्रजीत असल्याने, मराठी माध्यमातून आलेल्यांनी प्रत्येक संज्ञेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत वहीत लिहून ठेवल्यास संकल्पना पक्की होते.

परीक्षेला बसण्यापूर्वी डीजीसीएकडून संगणक क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी कागदपत्रे तपासली जात असल्याने, शालेय प्रमाणपत्र व ओळखपत्र यांवरील नाव आणि जन्मतारीख जुळते की नाही, हे अर्ज करण्याआधीच पाहून घ्यावे.