डेटाबेस क्षेत्रातील करिअर : इंदूरच्या मुलामुलींसाठी उपयुक्त माहिती

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसचे परिसर उभे राहिल्यापासून संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जायलाच हवे, असे राहिलेले नाही. एसजीएसआयटीएस किंवा देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या आयईटीत शिकणारी आपली मुले-मुली बहुधा प्रोग्रामिंगकडे वळतात. डेटाबेसचे काम मात्र पालकांना फारसे ठाऊक नसते, म्हणून ही माहिती देत आहोत.

काम काय असते?

बँकेतील शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचे गुण हे सारे डेटाबेसमध्ये साठवलेले असते. तो सतत चालू ठेवणे, त्याचा वेग राखणे, कोणाला काय दिसावे हे ठरवणे आणि बिघाड झाल्यास माहिती परत आणणे, ही डेटाबेस प्रशासकाची म्हणजे डीबीएची कामे. यांतील शेवटच्या कामावरच त्याची खरी पारख होते.

काय शिकावे?

आधी एसक्यूएल पक्के करावे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीवर ओरॅकल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस आजही उभे आहेत. त्यामुळे एक नीट आले की दुसरे शिकणे सोपे जाते. पोस्टग्रेस मोफत असून साध्या लॅपटॉपवर चालते. महागड्या क्लासची फी भरण्यापूर्वी दोन-तीन महिने घरीच सराव करून पाहावा. त्यानंतर इंडेक्स, ट्रान्झॅक्शन, लिनक्स आणि क्लाउड या क्रमाने पुढे जावे.

बॅकअप घेतला, पण परत आणता येतो का?

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करताना एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासूनच बंद पडला होता आणि त्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत सुदैवाने हाती लागली. त्यानंतरची नोंद मात्र कायमची गेली. कंपनीने हा सारा प्रकार स्वतःच जाहीर केला.

यातून घ्यायची सवय साधी आहे. महिन्यातून एकदा तरी बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून पाहावा. किती मिनिटे लागली, सर्व नोंदी जुळल्या का, हे तारखेसह वहीत लिहावे. कोणतीही पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत, हे पुन्हा तपासावे. नवोदितांनी ही वही मुलाखतीला जरूर न्यावी. प्रमाणपत्राने मुलाखतीचे बोलावणे येऊ शकते, पण स्वतः करून पाहिलेले काम सांगता आले की समोरच्याचा विश्वास बसतो.

आपल्या नावांचा प्रश्न

इंदूरमध्ये ‘काळे’ कागदोपत्री ‘काले’ होतात, हे आपण पाहतोच. डेटाबेसमध्ये आणखी एक अडचण येते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. नावासाठी ३० ठेवले, तर फक्त दहा चिन्हे मावतात आणि लांब नाव नोंदताना अडते. म्हणून लांबी अक्षरांत मोजायची, असे सुरुवातीलाच नमूद करावे.

घरच्यांसाठी

देखभालीची कामे लोकांचा वापर कमी असताना, म्हणजे रात्री किंवा रविवारी होतात. दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत तर अनेकांना फोन जवळ ठेवूनच बसावे लागते. रात्रपाळीनंतर मुलगी किंवा सून सकाळी उशिरापर्यंत झोपली असेल, तर ती आळशी नाही, कामावरून आली आहे, हे घरातल्या ज्येष्ठांनी समजून घ्यावे. नोकरी स्वीकारतानाच पाळ्या किती, रात्री घरी पोहोचवण्याची सोय आहे का आणि बदली सुट्टी मिळते का, हे विचारून घ्यावे.

नोकरी देण्यासाठी कोणी आगाऊ पैसे मागत असेल, तर तेथून परत फिरावे.

या क्षेत्रात असलेल्या सभासदांनी आपल्या ओळखीतील एखाद्या विद्यार्थ्याला बॅकअप परत आणण्याचे काम एकदा शेजारी बसवून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.