जंतूचं इंजिन बंद पाडणारी गोळी



टीबीवर औषध आहे, सहा महिने घेतलं की माणूस बरा होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. पण काही जंतू आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांनाच दाद देत नाहीत. हा एमडीआर टीबी. अशा पेशंटना कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागायची. त्यात काहींचे कान कायमचे जायचे.

मग नवं औषध का येत नव्हतं? रिफाम्पिसिन तर १९६०च्या दशकातलं! एक अडचण जंतूचीच होती. टीबीचा जंतू भलताच आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास अख्खा दिवस लागतो. शिवाय तो हाताळणंही धोक्याचं. मग हजारो रसायनं तपासायची कशी?

बेल्जियममध्ये जॅन्सेन कंपनीच्या कोएन आंद्रीस यांच्या टीमनं एक युक्ती केली. त्यांनी टीबीच्या जंतूचा भाऊबंद घेतला, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. हा सहसा आजार करत नाही आणि भराभर वाढतो. त्याच्यावर रसायनं तपासता तपासता एक कामाचं सापडलं.

पण ते जंतूला मारतं कसं? टीमनं या औषधालाही न जुमानणारे जंतू तयार केले आणि त्यांच्या जनुकांत काय बदललंय ते पाहिलं. बदल होता एटीपी सिंथेसमध्ये. हे म्हणजे जंतूला ऊर्जा पुरवणारं चिमुकलं फिरतं इंजिन. औषध तेच बंद पाडत होतं! टीबीच्या आधीच्या कुठल्याच औषधानं इथं घाव घातला नव्हता. २००५ साली हे जगासमोर आलं. डिसेंबर २०१२मध्ये अमेरिकेनं मंजुरी दिली. औषधाचं नाव बेडाक्विलिन.

गोष्ट इथं संपत नाही. औषध सापडणं वेगळं आणि पेशंटच्या हातात पडणं वेगळं. भारतातलं मूळ पेटंट जुलै २०२३मध्ये संपणार होतं. कंपनीला औषधाच्या क्षाररूपावर आणखी चार वर्षं हक्क हवा होता. त्याला आव्हान दिलं मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. दोघींनीही टीबीच्या उपचारांत ऐकण्याची शक्ती गमावलेली. मार्च २०२३मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी झाली.

आता बेडाक्विलिनलाही न जुमानणारे जंतू दिसू लागलेत. म्हणजे शोध चालूच ठेवावा लागणार. आणि हातात असलेला कोर्स मधेच सोडायचा नाही, बरं का!

भेटू पुढच्या भागात.